गहाण ठेवलेला धर्म

सटवाजी वाव्हळे हा माणूस कुणाच्या ध्यानात राहावा असा नव्हता. बांधकाम खात्याच्या सडकेवर तो गँगमजूर होता. परभणी-जिंतूर सडकेचे खड्डे बुजवायचे, मुरूम पसरायचा, उन्हाळ्यात डांबर तापवायचं आणि मुकादमानं हाक मारली की 'जी' म्हणायचं, एवढंच त्याचं काम. अंगानं बेताचा आणि बोलायला त्याहून बेताचा. पण एका बाबतीत गडी असा हट्टी होता की त्याच्या बायकोनं, सरजाबाईनं, कपाळावर हात मारून घ्यावा. ती बाब म्हणजे शाळेच्या रजिस्टरातला धर्माचा रकाना.

त्याचं गाव बोरीपासून दोन कोसांवर. गावाचं नाव सांगत बसत नाही, कारण सांगितलं तर आजूबाजूची पन्नास गावं म्हणतील, अहो, हे तर आमच्याकडंच घडलं. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला तेव्हा सटवाजी पंचविशीत होता. त्याच्यामागं सगळ्या आळीनं घरातले देव नदीत सोडले, मेलेली जनावरं ओढणं सोडलं, हलगी वाजवणं सोडलं. हे सगळ्यांनीच केलं. सटवाजीनं एक जास्तीचं केलं. तो शाळेत गेला आणि हेडमास्तरांपुढं उभा राहून म्हणाला, "आमच्या आळीच्या तेवीस लेकरांपुढं 'हिंदू म्हार' लिवलंय, ते खोडा. 'बौद्ध' लिवा."

हेडमास्तर म्हणाले, सरकारी रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, वरून हुकूम आणा. सरकारी काम आणि सहा महिने थांब असं लोक नुसतं म्हणतात, सटवाजीनं ते थांबून दाखवलं. दर पंधरवड्याला एक खाडा करायचा, चालत तालुक्याला जायचं, कचेरीच्या पायरीवर बसायचं आणि उन्हं कलली की परत यायचं. शेवटी हुकूम आला. लाल शाईनं तेवीस ठिकाणी रेघ ओढली गेली आणि वर 'बौद्ध' लिहिलं गेलं. त्या दिवशी त्यानं आळीत गूळ वाटला. पुढं पोरगा झाला, त्याचं नाव पंडित ठेवलं आणि पाच वर्षांनी त्याला शाळेत घालताना सटवाजी मास्तरांच्या टेबलाशी वाकून तो शब्द लिहून होईस्तोवर हलला नाही. तेव्हा त्याला वाचता येत नव्हतं, तरी तो शब्द बरोबर ओळखायचा.

पंडित हुशार निघाला. हुशार म्हणजे कसा, तर गणिताचे मास्तर दिनकरराव वर्गात फळ्यावर गणित लिहायचे आणि खडू खाली ठेवायच्या आत मागच्या भिंतीपाशी बसलेला पंडित उत्तर सांगायचा. दिनकरराव जातीनं ब्राह्मण, पण माणूस सरळ. त्यांनी पोराला हाताशी धरलं. परभणीच्या कॉलेजात त्याचं एक वर्ष झाल्यावर केंद्र सरकारच्या मुंबईच्या बड्या इंजिनिअरिंग कॉलेजाचा फॉर्म त्यांनी स्वतः भरला. नुकताच तिथं अनुसूचित जातींसाठी जागा राखायचा नियम झाला होता. फॉर्मात तसा रकाना होता, दिनकररावांनी त्यात बरोबरची खूण केली. पंडितला शाळेपासून बौद्ध म्हणून महाराष्ट्र सरकारची फीमाफी मिळत होतीच, तेव्हा हेही तसंच असणार, असं त्यांना वाटलं. चांगल्या माणसांच्या चुका अशाच असतात, त्या कळायला उशीर लागतो.

चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये पत्र आलं. पंडितची निवड झाली होती. आख्ख्या परभणी जिल्ह्यातून त्या यादीत तो एकटा. आळीत पोरं नाचली, सरजाबाईनं शेजारच्या सुलाबाईला मिठी मारली. पत्राखाली मात्र एक ओळ होती, की तीन आठवड्यांत जातीचा दाखला हजर करावा.

तालुक्याच्या कचेरीत दाखल्याचं काम भगवानराव नावाच्या कारकुनाकडं होतं. माणूस काही वाईट नव्हता. त्यानं शाळेचा दाखला वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "सटवाजी, यावर तर बौद्ध लिहिलंय."

"जी साहेब. आमी बौद्धच हाव."

"राज्याच्या सवलतीला चालतं ते. हे कॉलेज दिल्लीच्या सरकारचं. दिल्लीच्या यादीत अनुसूचित जातीचा माणूस एक तर हिंदू पाहिजे नाही तर शीख. बौद्ध त्यात बसत नाही."

सटवाजीला आधी वाटलं, साहेब चेष्टा करायलेत. मग ते चेष्टा करत नाहीत हे कळल्यावर त्यानं विचारलं, "साहेब, धरम बदलला म्हनून गावानं आमाला हिरीवर पानी भरू देलं का? मंग दिल्लीला कामून वाटलं, की आमचं समदं चांगलं झालं?"

भगवानरावानं फक्त रस्ता सांगितला. आम्ही हिंदू महार आहोत, हिंदू रीत पाळतो, शाळेत चुकून बौद्ध लागलं, असं प्रतिज्ञापत्र करायचं आणि त्याला गावच्या दोन वजनदार पंचांच्या सह्या घ्यायच्या. एवढं आणलं की दाखला त्याच दिवशी मिळेल.

चुकून! सहा महिने पायरीवर बसून जे मिळवलं, ते चुकून. सटवाजीनं चालत घरी येऊन घडलेलं सांगितलं. पंडितनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बा, नको. मी परभणीलाच शिकतो." सरजाबाईही म्हणाली, नको. नको म्हणायला सगळे होते. पण सटवाजीनं वीस वर्षं सडकेवर पाहिलं होतं, की मोजमापाची पट्टी घेऊन जीपमधून उतरणारा माणूस आणि खाली वाकून मुरूम पसरणारा माणूस यांच्यात किती अंतर असतं. ते अंतर पंडित एका उडीत ओलांडणार होता, आणि मधे आडवा होता बापानंच लिहून घेतलेला एक शब्द. इकडं आड, तिकडं विहीर. चार दिवसांनी तो पंडितला म्हणाला, "हे बघ, आपन धरम सोडायला न्हाई. आपन त्यो गहाण ठिवायलाव. गरजंला मानूस बायकोचं डोरलं बी गहाण ठिवतो, म्हून काय बायको टाकली का? तू तिथं जा, समद्याच्या वर ये. पैला आला का न्हाई, मंग कागद दाखवू, म्हनू, घ्या, ह्यो पोरगा तुमच्या मेहरबानीचा न्हाई. आन् आपलं नाव सोडवून आनू."

आता हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं. कुठल्या कायद्यात असं सोडवून आणणं नव्हतं. पण सटवाजीनं हे मनाशी ठरवलं आणि त्याच्यावर पंडितचाही विश्वास बसला, हीच मोठी चूक झाली.

पंच म्हणून सही द्यायला आबासाहेब लागत होते. गावचे मोठे जमीनदार, पूर्वीचे पोलीस पाटील. सटवाजी अठरा वर्षं त्यांना 'जयभीम' घालत होता आणि आबासाहेब अठरा वर्षं ते ऐकू न आल्यासारखं करत होते. त्यांनी कागद वाचला. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. म्हणाले, "सटवाजी, मी आजपतुर खोट्या कागदावर दस्तखत केली न्हाई. तुमी देव नदीत सोडले हे गावाला ठावं हाय. मी कसं लिहू, की हे हिंदू रीत पाळतेत?"

"मालक, पोराचं कल्याण व्हायलंय."

"व्हऊ दे की. मी कुटं नको म्हनायलोय? आखाड लागलाय. मंगळवारी मरीआईचा गाडा शिवंवर न्यायचाय. पूर्वी तुमचेच लोक नेत व्हते. तू गाडा ओढ, मंग मी लिहिलेलं खरं व्हईल. मला बी खोटं बोलायला नको, तुला बी नको."

किती सरळ हिशेब! गावात रोगराई येऊ नये म्हणून देवीचा लाकडी गाडा आखाडात शिवेबाहेर नेऊन सोडायचा, आणि तो ओढायचा मान महारांचा. मान म्हणजे काय, तर गावाची पीडा आपल्या अंगावर घ्यायची. अठरा वर्षं तो गाडा गावानं बैलांकडून ओढवला होता. अठरा वर्षं ते आबासाहेबांच्या मनात सलत होतं. आणि तरी, खरं सांगायचं तर, आबासाहेब दुष्टपणानं बोलत नव्हते. जे मोडलं ते जोडायची संधी आली, असंच त्यांना वाटत होतं. अशा भल्या माणसांपुढं शिवीसुद्धा देता येत नाही.

मंगळवारी भर दुपारी सटवाजीनं गाडा ओढला. कपाळाला हळद, हातात दोर. आळीच्या तोंडावरून गाडा जात होता तेव्हा सरजाबाईनं दार लावून घेतलं. ज्या तेवीस पोरांचे रकाने त्यानं बदलून घेतले होते, त्यांतली काही आता बाप्ये झाली होती, ती दारात उभी राहून बघत होती. एकानं फक्त तोंड फिरवलं. बुधवारी आबासाहेबांनी सही दिली, दुसरी सही त्यांच्या शब्दावर माणिकराव सरपंचांनी दिली, आणि गुरुवारी दाखला मिळाला.

पंडित मुंबईला गेला. त्यानंतर दर पौर्णिमेला आळीतल्या बुद्धाच्या मूर्तीपुढं जी वंदना व्हायची, ती म्हणायला सटवाजी पुढं बसला नाही. आतापर्यंत तोच म्हणत होता. कुणी त्याला उठवलं नव्हतं, कुणी बसही म्हटलं नाही. तो चपलांपाशी बसायचा आणि ओठांतल्या ओठांत म्हणायचा. "कागद सुटला की बसंन फुडं," तो सरजाबाईला सांगायचा.

मुंबईत पहिल्या सहामाहीत पंडित दोन विषयांत नापास झाला. सगळं इंग्रजीत, आणि तेही धावतं इंग्रजी. मास्तर एक वाक्य संपवायचे तेव्हा पंडित त्याच्या पहिल्या शब्दापाशी असायचा. पण बापानं नाव गहाण ठेवलंय हे त्याला रोज आठवायचं, आणि तो उठून पुस्तक उघडायचा. वर्षाच्या शेवटी एकशे वीस मुलांत तो एकसष्टावा आला. पुढच्या वर्षी बाविसावा. सटवाजीला सडकेवर पोस्टकार्ड मिळायचं, तो ते मुकादमाकडून वाचून घ्यायचा. मग सटवाजीला लाज वाटायला लागली, कारण मुकादम मोठ्यानं वाचायचा आणि सगळी गँग ऐकायची. पन्नाशीकडं झुकलेल्या त्या माणसानं दिनकररावांकडं बसून वाचायला शिकून घेतलं. "बाविसावा म्हंजी, अजून एकवीस राहिले," तो म्हणायचा.

सत्याहत्तरच्या उन्हाळ्यात पंडित सुट्टीला आला तो वाळला होता आणि कमी बोलत होता. बापानं विचारलं, "कितवा?"

"नववा."

"आता आठच की रं!"

पंडित म्हणाला, "बा, पुलांच्या बांधणीचा पेपर असतो आमाला. त्यात मी पैला आलो. वर्गात पैला."

सटवाजीचा चेहरा उजळला. तो काही बोलणार, तेवढ्यात पंडित म्हणाला, "सरांनी बोलावून घेतलं. म्हनले, शेजारी कोन बसलं होतं? मी म्हनलो, कोनी न्हाई. तरी मला एकट्याला खोलीत बसवून दुसरा पेपर देला. त्यात दोन मार्क जास्तच पडले."

"मंग? मंग तर झालं ना?"

"मंग पोरं म्हनायलीत, की कोट्यातल्यांना सर वेगळा सोपा पेपर देतेत."

सटवाजीला हे नीट कळलं नाही, की कळूनही त्यानं कळू दिलं नाही, ते सांगता येत नाही. तो म्हणाला, "त्यानला म्हनू दे. पैला आल्यावर कोन काय म्हनंल?" पंडितनं बापाकडं बघितलं. नापास झालो तर कोटा, आणि पहिला आलो तरी कोटाच, हे त्याला तीन वर्षांत कळून चुकलं होतं. पण ते बापाला सांगावं एवढा तो कठोर नव्हता. तो परत गेला आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. गावोगाव बौद्धांच्या आळ्या जळाल्या, तशी ही आळीही निम्मी जळाली. सटवाजीचं घर पहिल्या चारांत होतं. कागदोपत्री तो चांगला पंचांच्या सहीचा हिंदू होता, पण पलिते घेऊन आलेल्यांनी कागद विचारला नाही. आबासाहेब आले नव्हते, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ते आपल्या घरात बसून राहिले. सरजाबाईचा हात भाजला, तो पुढं कधी सरळ झाला नाही. त्या जळक्या भिंतींत उभा राहून सटवाजी म्हणाला, "पंडितला कळवू नगा, त्याची परीक्षा हाय." जवळ उभ्या असलेल्या सुलाबाईचा संयम सुटला. "आरं, काय करायचंय तुझ्या परीक्षेचं!" ती ओरडली आणि तिथंच बसून रडायला लागली.

एकोणऐंशीच्या मे महिन्यात शेवटचा निकाल लागला. पंडित एकशे वीस मुलांत तिसरा आला. पहिला नाही, तिसरा. सटवाजीनं दोन दिवस विचार केला आणि ठरवलं, तिसरा चालेल. दोघांचंच अंतर, त्यात काय एवढं! तिसऱ्या दिवशी पांढरा सदरा घालून, गुणपत्रक नव्या रुमालात गुंडाळून तो पंडितला घेऊन तालुक्याला निघाला. पंडित नको म्हणत होता, पण बापाचं तोंड बघून बरोबर गेला. वाटभर सटवाजी बोलत होता. आयुष्यात तो एवढा कधी बोलला नसेल. पौर्णिमा कधी आहे, वंदनेला कुणाकुणाला बोलवायचं, दिनकररावांना आणायला कोण जाईल, सगळं त्यानं ठरवून टाकलं.

भगवानराव आता हेडक्लार्क झाला होता. त्यानं ओळखलं, स्टूल दिलं. सटवाजी बसला नाही. त्यानं रुमाल सोडला, गुणपत्रक टेबलावर ठेवलं आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, पोरगा तिसरा आला. एकशे वीसात. आता आमचं नाव आमाला वापस द्या. त्या कागदावर बौद्ध लिवून द्या."

भगवानरावानं गुणपत्रक पूर्ण वाचलं. पंडितकडं बघून म्हणाला, "शाब्बास." मग त्यानं फाईल काढली. "बरं झालं तुम्हीच आलात. मी बोलावणारच होतो. याला केंद्र सरकारच्या कंपनीत राखीव जागेवर नोकरी लागलीय ना? त्यांचं पडताळणीचं पत्र आलंय. बापाचा जबाब घेऊन कळवा म्हणतात."

"मंग लिवा की बौद्ध."

भगवानराव उठला, दार लोटून आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सटवाजी, नीट ऐका. आज तुम्ही बौद्ध म्हणालात तर चौऱ्याहत्तरचं प्रतिज्ञापत्र खोटं ठरतं. ते खोटं, तर दाखला खोटा. दाखला खोटा, तर जागा लबाडीनं घेतली. डिग्री जाईल, नोकरी जाईल, तुमच्या दोघांवर खटला होईल. पाच वर्षांचे मार्क पाण्यात. आणि हिंदू म्हणालात, तर सगळं जागच्या जागी."

"पर साहेब, मार्क तर ह्यानं पाडलेत. ते कोनाच्या दाखल्यानं न्हाई पडले."

"ते मला कळतं हो. कागदाला कळत नाही."

सटवाजी उभाच होता. गहाण ठेवलेली वस्तू सोडवायला गेलं आणि समोरच्यानं सांगावं, की बाबा, ही गहाणाची नाही, तू विकली होतीस, तसं त्याचं झालं. पाच वर्षं तो ज्या एका दिवसावर जगला, तो दिवस असा कधी नव्हताच. भगवानरावानं छापील कागद पुढं ओढला, टाक शाईत बुडवला आणि त्याला विचारायचंच होतं म्हणून विचारलं, "धर्म?"

पंडितनं मान वर केली. पाच वर्षांचा अभ्यास, एकट्याला खोलीत बसून दिलेला पेपर, जळालेलं घर, आईचा हात, हे सगळं तो एका शब्दात परत फेकून देणार होता, हे बापाला त्याच्याकडं न बघताही कळलं. पंडित टेबलाकडं एक पाऊल पुढं झाला आणि त्यानं तोंड उघडलं.

"हिंदू," सटवाजी म्हणाला.

"बा!"

"गप बस." पंडितला तो असं कधी बोलला नव्हता. "लिवा साहेब. हिंदू."

"जात?"

"म्हार."

"देवधर्म पाळता?"

"पाळतो."

या खेपेला गाडा ओढायला कुणी सांगितलं नव्हतं. आबासाहेब समोर नव्हते, दोर हातात नव्हता. जे होतं ते त्याचं त्यानंच केलं. भगवानरावानं कागद फिरवून पुढं केला. सटवाजीनं तो स्वतः वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि खाली सही केली. पंडित भिंतीकडं तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते.

भगवानरावानं शाईवर टिपकागद दाबला, शिक्का मारला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. त्याला खरंच बरं वाटत होतं. म्हाताऱ्याला चार शब्द दिलाशाचे बोलावेत म्हणून तो म्हणाला, "आता काळजी करू नका. हे कायमचं झालं बघा. तुमच्या नातवंडांनासुद्धा चालेल."

सटवाजीनं हात जोडले. "लय उपकार झाले साहेब," तो म्हणाला.